जायचं तर दोघींनी

"हो की नाही, तेवढं संध्याकाळपर्यंत सांगा बाई. शेवटची खोली तुमच्यासाठी धरून ठेवलीय," बोटीच्या ऑफिसातला माणूस फोनवर म्हणाला.

"सांगते," म्हणून भूगोलबाईंनी फोन ठेवला.

पंख्याखाली बोटीच्या सहलीचं माहितीपत्रक फडफडत होतं. वरच्या कोपऱ्यात दोन तांबड्या वल्ह्यांची फुली, ही त्या बोटीची पिढ्यानपिढ्यांची खूण. खाली नदी, आणि काठाने हजारो वर्षांपूर्वीची देवळं, पडके दरवाजे, राजांची थडगी. बाईंनी त्यावर नेहमीचं वजन ठेवलं. निळ्या फरशीचा तुकडा. त्यावर बदकाचं डोकं, मान, पोट, आणि खाली तुटलेली कड.

तो तुकडा नवऱ्याने आणला होता. नवरा लिफ्ट बसवायचा, आठवडेच्या आठवडे परगावी असायचा. कुठल्याशा इमारतीत खड्डा खणताना सापडला म्हणाला. "याला पायच नाहीत बघ. तुला सोडून कुठे जायचं नाही हे. माझ्यासारखंच!" बाई तेव्हा पोट धरून हसल्या होत्या. पुढे नवरा गेला, बदक टेबलावर राहिलं. इतिहासला एकदा ते दाखवलं, तर ती म्हणाली, "कुणाच्या तरी न्हाणीघरातली फरशी असेल. फेकून दे."

इतिहास म्हणजे त्यांच्याच शाळेत इतिहास शिकवणारी मैत्रीण. पोरांनी ठेवलेली नावं दोघींना अशी चिकटली, की निवृत्तीनंतर त्या एकमेकींनाही त्याच नावाने हाक मारायच्या. इतिहास वर्गात खडू घेऊन ती देवळं अशी काढायची, की पोरं माना वर करून बघत राहायची. पुस्तकात नसलेली मागची बाजूसुद्धा! "आणि न बघता हं!" भूगोलबाई कौतुकाने सगळ्यांना सांगायच्या. इतिहास पोरांना एक गोष्ट बजावून ठेवायची, की जुन्या जागेवरचा खडासुद्धा उचलायचा नाही, ती दुसऱ्याची वस्तू असते.

दोघींचं ठरलं होतं, जायचं तर दोघींनी. पण दरवेळी कुठेतरी माशी शिंकायची, आणि बहुतेक वेळा ती इतिहासच्याच घरी शिंकायची. यंदा ती मोरीत घसरली आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी जिना चढायलाही बंदी केली.

नाहीतर भूगोलबाई पुढच्या वर्षीपर्यंत थांबल्याही असत्या. पण डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते, "जे बघायचं ते यंदा बघून घ्या." कडेकडेचं दिसेनासं झालंच होतं. आता मधलंही धुरकट होऊ लागलं होतं.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? आदल्या दिवशी त्यांनी सरळच विचारलं होतं, "मी एकटी जाऊ का गं? डोळ्यांचं तुला माहीतच आहे."

"जा ना. मी कोण अडवणारी?" म्हणून इतिहासने भिंतीकडे तोंड केलं. जरा वेळाने तिकडूनच म्हणाली, "एवढ्या वर्षांची मैत्री. गुडघा मोडला तशी टाकून चाललीस. याला दगा म्हणतात, भूगोल. दुसरा शब्द नाही."

आज जेवतानाही तोच शब्द आठवत होता. बाईंना स्वतःचाच राग आला. नवरा गेला तेव्हा हीच इतिहास अशी धाय मोकलून रडली होती, की शेजारणी म्हणाल्या, सख्खी बहीणही अशी रडायची नाही. पुढे महिनाभर उशाशी बसून हिनेच आपल्याला चार घास भरवले. तिला दगा द्यायचा? कशासाठी, तर चार पडक्या भिंतींसाठी?

त्यांनी फोन उचलला.

"नाही जमणार. दुसऱ्या कुणाला द्या खोली."

"नक्की ना बाई? मग परत मिळायची नाही."

"नक्की."

फोन ठेवल्यावर त्या थोडा वेळ रडल्या. मग तोंड धुतलं, साडी बदलली आणि भिंतीच्या आधाराने चालत दोन गल्ल्या पलीकडच्या इतिहासच्या घरी गेल्या.

"नाही जात मी. सांगून टाकलं."

इतिहासचा चेहरा फुलला. तिने भूगोलबाईंचे दोन्ही हात घट्ट धरले. "मला माहीत होतं. तू तसली नाहीसच मुळी!"

"पण आता सुटका नाही तुझी. माझे डोळे गेले, की तूच सांगायचं सगळं. तूच माझी बोट."

"सांगते की! आत्ताच घे." इतिहास उशीला टेकून सांगू लागली. सकाळचं पिवळं ऊन, दरवाज्याची लांब सावली, पायऱ्यांशी येणारा ओल्या चिखलाचा वास. भूगोलबाई डोळे मिटून ऐकत राहिल्या. त्यांना फार बरं वाटलं. ऐकण्यातही काही कमी मजा नव्हती.

सांगता सांगता इतिहासने पाय हलवला आणि कळवळली. "आई गं! पट्टा दे तो गुडघ्याचा. कपाटात आहे बघ."

भूगोलबाईंनी कपाट उघडलं. आत अंधार. त्यांना दिसेना, म्हणून कप्प्याकप्प्यातून हाताने चाचपत गेल्या. साड्यांच्या मागे, अगदी भिंतीशी, कापडात गुंडाळलेलं काहीतरी टणक हाताला लागलं.

"हाच का गं?"

"तिथे नको! वरच्या कप्प्यात—" इतिहास गुडघा विसरून उठून बसली. "ठेव ते. भूगोल, ठेव म्हणते ना!"

पण बाई ते घेऊन खिडकीपाशी उजेडात पोचल्या होत्या. पांढरा जुना हातरुमाल. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला. कोपऱ्यात दोन तांबड्या वल्ह्यांची फुली होती.

त्यांनी रुमाल उलगडला. आत निळ्या फरशीचा तुकडा होता. त्यावर बदकाचे दोन पाय होते.