थंड घराचा दाखला

"मॅडम, हे शेवटचं घर. मग चहा," ओव्हरसियर म्हणाले आणि त्यांनी फाटकाची कडी काढली.

सकाळपासून घरं तपासून त्यांचे पाय बोलायला लागले होते. पालिकेची नवी योजना होती: ज्या घराला वीज आणि पाणी कमी लागतं, त्याची निम्मी घरपट्टी माफ. योजना जाहीर झाली आणि अर्ध्या शहराला एकदम झाडांचा पुळका आला. गच्चीवर चार कुंड्या मांडून लोक दाखला मागू लागले. या कामासाठी मॅडमना मुद्दाम दुसऱ्या शहरातून आणलं होतं. कडक बाई. कुंड्यांना भुलत नसत.

दार मास्तरांनी उघडलं. शाळेतून निवृत्त झालेले, एकटेच राहणारे. चष्मा काढून त्यांनी सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला. मग ओव्हरसियरना म्हणाले, "या. आत गार आहे."

खरंच गार होतं. बाहेर दुपार भाजून काढत होती आणि इथे पंखासुद्धा बंद.

"हे कसं काय जमवलंत?" ओव्हरसियरनी विचारलं.

"मी कसला जमवतोय! सगळं हिचं डोकं." मास्तरांनी छताखालच्या झरोक्यांकडे बोट केलं. "गरम हवा तिथून निघून जाते. गवंडी म्हणाला, पाखरं घरटी करतील. ही म्हणाली, करू देत, भाडं नाही मागणार."

ओव्हरसियर खळखळून हसले. मॅडम झरोक्यांकडे बघत राहिल्या.

मास्तर घर दाखवत गेले. बोलत होते ते ओव्हरसियरशीच. मोरीचं पाणी परसातल्या झाडांना जात होतं, छपरावरचं पावसाचं पाणी जमिनीखालच्या टाकीत. पश्चिमेची भिंत तर वेलानं पार गिळून टाकली होती.

"ओट्यासमोर खिडकी," स्वयंपाकघरात मॅडम पहिल्यांदाच बोलल्या. "पावसाचं पाणी आत येत असेल."

"येतं. मी तेव्हाच म्हणालो होतो. पण हिला भाजी चिरताना रस्ता दिसायला हवा होता."

"मग नंतर बुजवली नाहीत?"

"नाही. आता रस्ता मी बघतो."

"आणि वहिनी...?" ओव्हरसियरनी चाचरत विचारलं.

"घर बांधताना आम्ही रोज भांडायचो. दाराला कुठला रंग, जिन्याला किती पायऱ्या. काय मजा यायची! घर पुरं झालं आणि भांडायला काही उरलंच नाही." मास्तरांनी ओट्यावरचं फडकं उगाच सारखं केलं. "मग ती गेली. वीसेक वर्षं झाली."

ओव्हरसियरनी मान खाली घातली. नसतं विचारलं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

माळ्यावर शिरताना तुळईवर त्यांचं कपाळ जोरात आपटलं. मॅडम वाकून आधीच आत गेल्या होत्या. वर त्या बराच वेळ थांबल्या. मोजमाप मात्र काहीच घेतलं नाही.

खाली आल्यावर मास्तर म्हणाले, "पुतण्या मागे लागलाय, विकून टाका, इथे मोठी इमारत उठेल म्हणतो. एकटा माणूस दिसला की जो तो शहाणपण शिकवायला येतो. दाखला मिळाला तर त्याचं तोंड तरी बंद होईल."

"कळवू," मॅडम म्हणाल्या. फाटकापर्यंत जाऊन त्या वळल्या. "अहो, तो वेल कौलांवर चढू देऊ नका. कौलं उचकटतात."

"बरं," मास्तर म्हणाले.

रस्त्याला लागल्यावर ओव्हरसियर कपाळ चोळत म्हणाले, "असं घर सबंध शहरात शोधून सापडायचं नाही. आणि माणूस तरी काय! बायकोमागं एक वीट हलवली नाही. चहा घेता घेता सही करूनच टाका, मॅडम."

"घर पास आहे. पण सहीसाठी उद्या दुसऱ्या कुणाला तरी आणा."

"का हो? एवढं घर तुम्ही स्वतः फिरून पाहिलंत की!"

"पाहायलाच आले होते." मॅडम म्हणाल्या. "सही माझी चालायची नाही. नियम आहे ना, नवऱ्याच्या घराला बायकोनं दाखला द्यायचा नाही."