नाबिर्यो काय म्हणाली

पडद्यावर नाबिर्यो तुटक्या पुलावर उभी राहिली आणि क्योबेने माईकमध्ये भलतंच सांगितलं.

"चला बायांनो, ही जागा आता आपली नाही," तो नाबिर्योच्या वतीने म्हणाला. "नव्या ठिकाणी जाऊ. सगळ्यांचं भलं होईल."

पत्र्याच्या त्या व्हिडिओ हॉलमध्ये केळीबाजारातल्या बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. उद्या सकाळी त्यांच्या टपऱ्या पाडायला मशीन येणार होतं, म्हणून आज दुपारी धंदा आवरून त्या आल्या होत्या, केवळ पुलावरच्या नाबिर्योच्या त्या एका वाक्यासाठी. सिनेमा सगळ्यांना पाठ होता. इंग्रजी त्यांच्यातल्या कुणालाच येत नव्हतं आणि त्यावाचून कधी अडलंही नव्हतं. सिनेमाचा आवाज कमी करून क्योबे माईकवर त्यांच्या लुगांडा भाषेत सांगेल तीच गोष्ट. मुठींतून वीज पाडणाऱ्या त्या परदेशी बाईचं नाबिर्यो असं बारसंसुद्धा त्यानेच केलेलं.

"थांबव," मागून नालोंगो म्हणाली. जुळ्यांची आई म्हणून अख्खा बाजार तिला याच मानाच्या नावाने हाक मारी. "क्योबे, मागे घे. ती असं म्हणत नाही."

"मग काय म्हणते?"

"मलाच विचारतोस? 'मी इथं केळी विकते. उद्याही इथंच विकणार. ये आता.' असं म्हणते."

बायका हसल्या. क्योबेने मात्र चोरट्या नजरेने पहिल्या बाकाकडे पाहिलं. तिथे लुबेगा बसला होता, बाजाराच्या जागी इमारत बांधणाऱ्या मालकाचा माणूस. त्या इमारतीत क्योबेला पंख्यांचा, गुबगुबीत खुर्च्यांचा हॉल मिळायचा होता. त्याने फक्त बायकांची डोकी थंड ठेवायची होती.

लुबेगा मागे वळला. शहरात शिकलेला, बोलायला गोड. "नालोंगो, रागावू नका. मला इंग्रजी कळतं. ती म्हणते, 'माझ्या लोकांना सोडा, मी तुमच्या स्वाधीन होते.' शरण जातेय ती. त्यात केळी कुठून येणार? विचारा की यालाच."

क्योबेची मान खाली गेली. "खरं आहे," तो पुटपुटला. "पहिल्याच खेळाला वाटलं, आहे तसं सांगितलं तर तुम्ही बाकं मोडाल. म्हणून घातली केळी."

नवरा गेल्यावर दोन पोरांना घेऊन नालोंगोने टपरी मांडली ती हेच वाक्य घोकत. आणि ते या मेल्याने बसल्या बसल्या रचलं होतं. तिला त्याचा संताप आला, रडूही आलं. मग तिचं लक्ष पुन्हा पडद्याकडे गेलं. या बाईला उडता येतं. वाटलं असतं तेव्हा ती उडून गेली असती. हे काही क्योबेने घातलेलं नव्हतं, डोळ्यांना दिसत होतं. उडता येत असून ती पुलावर पाय रोवून उभी होती.

"असेल," नालोंगो म्हणाली. "तिच्या गावात म्हणत असेल तसं. आमच्याकडे ती केळी विकते."

लुबेगा हसला. "अहो, ते तरी बघा. शत्रूपुढं गुडघे टेकले तिनं. आता काय राहिलं?"

पडद्यावर नाबिर्यो खरोखरच गुडघ्यांवर बसली होती.

नालोंगो उठली. बाकांमधून वाट काढत ती पुढे आली आणि लुबेगासमोर तिने दोन्ही गुडघे जमिनीला टेकले. पुरुषमाणसाला बाई इथे असाच नमस्कार करते. रोज सकाळी बाजारात तीही करायची. पण तेव्हा नजर खाली असे. आज ती त्याच्या तोंडावर होती.

"कसे आहात, साहेब? दिवस चांगला चाललाय?"

"चाललाय, नालोंगो," तो सवयीने म्हणाला.

"घरचे बरे आहेत?"

"बरे आहेत."

"हे मी रोज करते. त्यावरून तुम्ही समजलात का, की ही बाई इथून उठून जाणार?"

मागे बाकं सरकल्याचा आवाज झाला. एक बाई खाली बसली, मग तिच्या शेजारची, मग सगळी रांग. दारापर्यंतची जमीन गुडघ्यांनी भरली. क्योबेने माईक बंद करून खाली ठेवला.

"उद्या या मशीन घेऊन," नालोंगो म्हणाली. "आम्ही अशाच भेटू, आपापल्या टपरीपुढं. एकेक जणी नमस्कार करेल. मशीनवाल्याला आधी सांगून ठेवा, आपल्यात उत्तर मिळाल्याशिवाय बाई उठत नाही."