चाळीस ठोके

"शॉक देणार का हो?" मी पदर चुरगळत विचारलं.

"नाही काकू, नुसतं चुंबक आहे. डोक्यावर कुणी टिचक्या मारतंय असं वाटेल," म्हणत सिस्टरने मशीन ह्यांच्या डोक्याला टेकवलं.

टक्! ह्यांचा अंगठा उडाला. नैराश्य आल्यापासून दीड वर्षं या हाताने तबल्याची गवसणीसुद्धा काढली नव्हती. मी ओरडलेच, "अहो, हात हलला!"

"तो मशीनने हलवला, काकू. मेंदूतली जागा शोधताना हलतोच," सिस्टर म्हणाली. मी वरमून खाली बसले.

मग रोज तेच. चाळीस ठोके, विश्रांती, पुन्हा चाळीस. हे आपले समोरच्या भिंतीकडे बघत राहायचे.

एकोणिसाव्या दिवशी वेळ संपली, सिस्टरने मशीन बंद केलं. मी पर्स उचलली, तरी टकटक चालूच. सिस्टरने घाबरून प्लगच उपटला. तरीही आवाज थांबेना.

मी वळून पाहिलं. ह्यांची बोटं खुर्चीच्या हातावर नाचत होती.

"कसलं मशीन हे!" हे सिस्टरवर खेकसले. "चाळीस मात्रा वाजवतं आणि रोज ऐन समेला पळून जातं!"