हाकलायचं कसं

ताई दर रविवारी वसाहतीतल्या पोरांना फुकट नाटक शिकवायच्या, आणि फुकट शिकवते हे दर रविवारी न विसरता सांगायच्याही. नियम एकच: अन्याय दिसला की प्रेक्षकाने "थांबा!" म्हणून ओरडायचं, मंचावर यायचं आणि सोसणाऱ्याची जागा घेऊन प्रसंग बदलून दाखवायचा. वसाहतीच्या हॉलमधल्या प्रयोगात पोरांनी घरचंच दुखणं मांडलं: मैदानाला कुलूप ठोकून पोरांना हाकलणारा चेअरमन. खरे चेअरमन पहिल्याच रांगेत बसले होते. हॉल त्यांच्याच मेहेरबानीने मिळाला होता.

प्रसंग दोनदा झाला. सगळे मूग गिळून गप्प. तिसऱ्यांदा मात्र आवाज आला, "थांबा!"

खुद्द चेअरमन उठले होते. ताईंना भरून आलं. माणूस बदलला, नाटकाने बदलला!

चेअरमन मंचावर चढले आणि त्यांचं सोंग घेतलेल्या पोराच्या हातातलं कुलूप त्यांनी हिसकावून घेतलं. "काय रे हे गुळमुळीत? मी असा बोलतो होय? हाकलायचं कसं, ते बघ!"

आणि त्यांनी असं काही हाकललं, की अख्खा हॉल सवयीने उठून दाराशी चपला शोधायला लागला.



सगळ्यात आधी सापडल्या त्या ताईंना.