वाकळीचे चार कोपरे

"माय, ते निळं फडकं कुठं ठिवलंस?"

केरबानं चपलाही न काढता दारातूनच विचारलं. उस्मानपुऱ्यातल्या त्या भाड्याच्या खोलीत आक्काबाई खिडकीखाली पाय पसरून वाकळ शिवत बसली होती. तोंडात दोरा होता, म्हणून तिनं नुसतं बोटानं दाखवलं. वाकळीच्या चारी कोपऱ्यांवर चार निळे तुकडे बसले होते.

केरबानं एक कोपरा हातात घेतला. "कापलंस?"

"कापलं की. कोपऱ्याला कापड पुरत नव्हतं. अन् पावन्यानं आणलेलं, लई गुणाचं हाय बघ."

पाहुणा म्हणजे जपानचा ओकुनो. वाळूजच्या कंपनीत नवं यंत्र बसवायला आला होता. गेल्या साली कंपनीनं केरबाला शिकायला जपानला धाडलं, तेव्हा केरबा त्याच्याच घरी राहिला होता. म्हणून रविवारी त्याला जेवायला बोलावलं. निळ्या फडक्यात गाठ मारून आणलेला खाऊचा डबा त्यानं दोन्ही हातांनी, कमरेत वाकून आक्काबाईला दिला. तिच्यापुढं जन्मात कुणी एवढं वाकलं नव्हतं. बाई लाजून चूर झाली. खाऊ वाटला, फडकं धुऊन वाळवलं. आता पाहुण्यानं आणलेलं कापड कुणी परत देतं का? खण आला की तो घरातल्या बाईचा. त्यातून सून सरू दिवस भरत आलेली, बाळाला वाकळ हवी. आक्काबाईच्या जागी गावाकडची, करमाडची कुठलीही बाई असती, तर तिनंही कातरीच हातात घेतली असती.

"त्यांच्यात खाऊ आपला असतो माय, फडकं त्यांचं. घडी घालून परत द्यायचं असतं, अन् आज ते निघालेत," केरबा म्हणाला. "अन् हे तर ओकुनोंच्या आईचं. म्हातारीनं सोताच्या हातानं नीळ घालून रंगवलेलं. रोज माझा जेवणाचा डबा ह्याच्यातच बांधून द्यायची."

म्हातारीचं केरबा नेहमी सांगायचा. फडक्याचं तेवढं सांगायचं राहून गेलं होतं.

"तू शिकवलंस तसा मी डबा कधी रिकामा दिला नाय," तो म्हणाला. "तुझे शेंगदाण्याचे लाडू सरंपर्यंत एकेक टाकून द्यायचो. ती हसायची. म्हणायची, आमच्यात बी रिकामं परत करत नसतात. हिवाळ्यात गेली बिचारी."

आक्काबाईचा हात थांबला. उसवून काय उपयोग? चार तुकडेच हाती येणार. दुसरं आणावं तर नामांतराच्या मोर्च्यामुळं सकाळपासून बाजार बंद. आणि गेलेल्या बाईच्या हातचं कापड कुठल्या दुकानात मिळणार होतं?

तेवढ्यात खाली गाडी वाजली. पुढं रस्ते अडतील म्हणून ओकुनो वेळेआधीच स्टेशनला निघाला होता. वाटेत निरोप घ्यायला आला.

"हरवलं म्हणून सांगतो," केरबा कुजबुजला.

"नाय."

ओकुनो दारात येऊन वाकला. आक्काबाईनं त्याच्यापुढं वाकळ पसरली आणि हात जोडले. "चुकलं माझं, पावनं. मला वाटलं खणच हाय."

केरबानं कसंबसं त्याच्या भाषेत सांगितलं. ओकुनो खाली बसला. एका कोपऱ्यावरून त्यानं बोट फिरवलं, मग दुसऱ्यावरून. रागावला की काय, काही कळेना. आक्काबाईचा जीव टांगणीला लागला. फिरता फिरता त्याचं बोट मधल्या लाल कापडावर थांबलं.

"बाबांचा पटका," केरबानं सांगितलं.

करमाडच्या माळावर मेंढरं वळताना डोक्याला बांधायचे तो पटका. बाबा गेले, मेंढरं विकली, गाव सुटलं. एवढा पटकाच आक्काबाईनं पेटीत जपून ठेवला होता. नातवंडाला आजा पाहायला मिळणार नव्हता, निदान त्याची ऊब तरी मिळावी, म्हणून तो वाकळीत घातला होता.

आक्काबाई उठली. तिनं वाकळीची नीट घडी घातली आणि त्याच्या हातांवर ठेवली.

"माय! त्यात बाबांचा पटका हाय! दुसरं काय राह्यलंय त्यांचं?"

"ठावं हाय मला." ती म्हणाली. "पर त्यांच्या आईचं फडकं त्यांच्या घरी जायला पायजे. अन् रिकामं कसं देऊ?"

केरबानं तेही सांगितलं. ओकुनोनं वाकळ छातीशी धरली. ती कुणासाठी शिवली होती ते विचारलं. केरबानं भिंतीशी बसलेल्या सरूच्या पोटाकडं बोट केलं. मग ओकुनो वाकला, पहिल्या दिवसापेक्षाही खाली, आणि गेला.

"जाताना काय म्हणला रे?"

"बाळ झालं की कळव म्हणला."

आक्काबाईनं चूक भरून दिली खरी, पण नंतर कितीतरी दिवस तिला ती पेटी उघडवत नव्हती. नवरा दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटायचं.

नात हुंकार द्यायला लागली तेव्हा जपानहून पार्सल आलं. केरबानं दोरी सोडली. आत वाकळ होती. आक्काबाईनं ती घाईघाईनं उलगडली. पटका जागेवर होता. चारी निळे कोपरेही जागेवर होते. आणि पटक्याला लागून एक नवीनच ठिगळ होतं, बारीक फुलांचं, धुऊन धुऊन विटलेलं.

केरबानं ओळखलं. "म्हातारीच्या लुगड्याचं हाय माय. त्यांच्यात किमोनो म्हणतात त्याला. सणाला नेसायची." तो डोळे पुसत हसला. "रिकामी नाय धाडली त्यांनी."

आक्काबाईनं टाक्यांवरून हात फिरवला. कधी सुई न धरलेल्या पुरुषाच्या हातचे टाके होते.

"लई वाकडं शिवलंय मेल्यानं," ती म्हणाली आणि पदरात तोंड खुपसून रडली.

मग तिनं वाकळ अंथरली, नातीला मधोमध निजवलं आणि थोपटत म्हणाली, "मधी तुझा आजा हाय, बाई. त्याच्या शेजारी अन् चारी कोपऱ्यांना तुझी जपानची आजी. निज आता बिनघोर."