दोन वाजून दहा मिनिटांची नोंद

“‘दोन वाजून दहा मिनिटं. धोक्याची घंटी बंद झाली.’ अक्षर तुमच्या नवऱ्याचंच आहे ना?” चौकशी अधिकाऱ्यांनी रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं.

अक्षर त्याचंच होतं. शीतगृहाच्या मशीनरूममध्ये अकरा वर्षं ऑपरेटर म्हणून त्याने अशाच ठसठशीत अक्षरात नोंदी केल्या होत्या. नियमाप्रमाणे इंग्रजीत. साहेबांनी वाचलं ते ऑफिसने केलेलं मराठी भाषांतर होतं.

“घंटी आपोआप बंद होत नाही,” मॅनेजर म्हणाले. “कटकट नको म्हणून यानेच बटण दाबलं. गॅस गळतोय हे त्याला कळलंच नाही. स्वतः गेला, वर दोघा कामगारांना दवाखान्यात पाठवलं.”

दोन महिने ती हेच ऐकत होती. त्या दोघांच्या बायका तिला पाहून रस्ता बदलायच्या. शाळेत मुलीच्या शेजारी कुणी बसत नव्हतं. आज जबाबावर तिची सही झाली की प्रकरण मिटणार होतं.

“वहिनी, सही करून मोकळ्या व्हा,” दीर कानाशी कुजबुजला. “भांडून दादा परत येणार आहे का?”

तिने पेन उचललं. सही करण्याआधी मूळ ओळीवरून बोट फिरवलं. सातवीपर्यंतच्या इंग्रजीने एकेक अक्षर लावलं. बोट शेवटच्या शब्दावर थांबलं.

“साहेब, इथे ऑफ लिहिलंय.”

“ऑफ म्हणजे बंद,” मॅनेजर हसले. “एवढं इंग्रजी सगळ्यांनाच येतं.”

“आमच्या घरात यावरून भांडण झालं होतं.” तिने पेन खाली ठेवलं. “रजिस्टरचं इंग्रजी मुलगी शिकवायची ह्यांना. आठवीत आहे. म्हणाली, घंटी वाजली की ‘वेंट ऑफ’ लिहायचं. हे चिडले. वाजली तर ऑफ कशी? मला वेडा समजतेस का? तर ती म्हणते, बाबा, सुट्टी पण ऑफ, दूध नासलं तरी ऑफ, विमान उडालं तरी ऑफ. माझ्यावर कशाला ओरडता, इंग्रजांना विचारा.”

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला.

“घरातल्या गप्पा म्हणजे पुरावा नव्हे,” मॅनेजर म्हणाले.

दिराने तिच्या पदराला हलकेच ओढलं. ती उठली नाही.

“दर एक तारखेला घंटी वाजवून तपासतात,” ती म्हणाली. “ती पानं काढा.”

साहेबांनी पानं उलटली. एक तारीख. टेस्ट. अलार्म वेंट ऑफ. ओके. मागचा महिना. तेच. त्याच्या मागचा. तेच.

“तपासताना घंटी बंद पडली असती, तर ह्याने ओके कशाला लिहिलं असतं?” त्यांनी मॅनेजरांना विचारलं.

मॅनेजरांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला.

साहेबांनी भाषांतरातले दोन शब्द खोडले आणि वर लिहिलं, ‘वाजली’. “ताई, तुमच्या नवऱ्याने घंटी बंद केली नव्हती. त्यांची काही चूक नाही.”

दिराला रडू फुटलं. “वहिनी, दादावरचा डाग गेला!”

साहेब मात्र मशीनरूमचा नकाशा पुढे ओढून एकेक गोष्ट जुळवत होते. “दोन दहाला घंटी वाजली. ह्या टेबलाशी उभं राहून त्यांनी नोंद केली. सापडले ते आतल्या खोलीत. तिथला गॅसचा वॉल्व्ह घट्ट फिरवून बंद केलेला होता. तो कुणी केला, याचं उत्तर आम्हाला मिळत नव्हतं.” त्यांनी वॉल्व्हच्या खुणेवर पेन टेकवलं. “तो त्यांनी बंद केला म्हणून पलीकडच्या हॉलमधली चाळीस माणसं आज जिवंत आहेत.”

ती नकाशावर वाकली.

“बाहेर जायचं दार कुठलं, साहेब?”

“हे. टेबलाला लागूनच.”

तिने टेबलावर बोट ठेवलं. मग दारावर. दोन्हींत बोटभरही अंतर नव्हतं.

“म्हणजे ह्यांना पळता आलं असतं,” ती म्हणाली.