रातव्याची राखण

राई गावच्या खाडीकाठी माळावर रातव्यानं अंडी घातली होती. हा पक्षी मातीच्याच रंगाचा, उघड्यावर बसतो आणि माणूस अंगावर आला तरी हलत नाही. अंडी कुणी चोरू नयेत म्हणून गावातले दाजी येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगायचे, "इथं काय न्हाय."

गेल्या आठवड्यात गळ्यात कॅमेरा अडकवलेल्या एका साहेबानं विचारलं, तेव्हाही दाजी बोलले, "पक्षी? चिमणी पन न्हाय. जा घरी." पायाशी बघायची तसदी न घेता साहेबानं फक्त दाजींचं नाव लिहून घेतलं.

आज माळावर मातीच्या भरणीचे डंपर आले. दाजी आडवे आले, "अरं थांबा, अंडी हायत." बिल्डरच्या मुकादमानं कागद पुढं केला, "काका, पहले साहब का रिपोर्ट देखो."



'माळावर एकही पक्षी नाही. माहिती देणार : दाजी गोविंद म्हात्रे, राहणार राई.'